नगरच्या अंगणातील सफरचंद

इ.स. २०१९ च्या डिसेंबर महिन्यातील एका रविवारी माझा पुतण्या राहात्याहून सावेडीतील आमच्या घरी आला. माझे धाकटे बंधू त्याच वर्षी निवर्तले होते. दुकान आणि राहात्याजवळची सात एकर जमीन यांचा सर्व भार सत्तावीस वर्षांच्या त्या मुलावर येऊन पडला होता. त्याने पिशवीतून काही कागद काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, ‘‘काका, तेल्याने डाळिंब हाताचे गेले. तीन एकर बाग काढून टाकतो आणि सफरचंद लावतो. बारा बाय बारा फुटांवर एकरी तीनशे, एकूण नऊशे कलमे. कर्जाचा प्रस्ताव तेवढा तुम्ही तपासून द्या.’’

बँकेत मी सदतीस वर्षे नोकरी केली, त्यांपैकी बरीच वर्षे कर्ज विभागात काढली. प्रस्ताव वाचताना प्रथम शेवटचे पान पाहण्याची सवय त्यामुळे जडली आहे. शेवटच्या पानावर तिसऱ्या वर्षापासूनचे उत्पन्न सुवाच्य अक्षरांत मांडलेले होते. तारणाच्या रकान्यात मात्र राहत्या घराचा उल्लेख होता, आणि त्या घरात माझ्या वहिनी राहतात. मी त्याला विचारले, ‘‘आपल्या भागात या झाडाला लागलेले फळ तू डोळ्यांनी पाहिले आहेस का?’’ तो म्हणाला, ‘‘व्हिडिओ पाहिले आहेत.’’ मी कागद मिटून त्याच्या हाती दिले आणि तीन वर्षे थांबण्यास सांगितले. चहा न घेताच तो उठून गेला. पुढील चौदा महिने आमचे बोलणे जवळजवळ बंद होते.

नकार देणे सोपे असते. परंतु आपला नकार बरोबर होता की नाही हे तपासून पाहणे, हेही नकार देणाऱ्याचे कर्तव्यच आहे. म्हणून जानेवारी २०२० मध्ये मी स्वतःच्या अंगणात सफरचंदाची पाच कलमे लावली. त्यांनी मला जे शिकवले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

झाड थंडी का मोजते?

सफरचंदाचे मूळ स्थान मध्य आशियातील डोंगराळ प्रदेशात, आजच्या कझाकस्तानच्या परिसरात आहे. तेथे हिवाळा कडक असतो, पण मधूनच एखादा आठवडा उबदारही येतो. अशा फसव्या उबेला भुलून झाड जानेवारीतच फुलले, तर पुढच्या हिमवर्षावात सगळी फुले जळून जातील आणि वंश खुंटेल. म्हणून निसर्गाने या जातीच्या झाडांना एक शिस्त लावून दिली आहे. शरद ऋतूत पाने गळतात, कळ्या निद्रिस्त होतात आणि ठरावीक काळ थंडी सोसल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. नासपती, आलुबुखार, जर्दाळू, चेरी, बदाम, अक्रोड ही सारी याच शिस्तीतील मंडळी.

ही थंडी मोजण्याची जुनी आणि सोपी रीत अशी की, तापमान शून्य आणि ७.२ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहिले असेल असे तास मोजायचे. काश्मीर आणि हिमाचलातील जुन्या जातींना असे सुमारे हजार तास लागतात. आता आपल्या नगरचा हिशेब करू. आपल्याकडील थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. थंडीच्या लाटेत पारा सात अंशांच्या खाली उतरतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. परंतु तो उतरतो पहाटेपुरता. समजा, एका हिवाळ्यात अशा पंधरा रात्री मिळाल्या आणि प्रत्येक पहाटे चार तास पारा तेथे टिकला, तर एकूण जमा झाली साठ तास. हजार तासांच्या देण्यापुढे साठ तासांची जमा! त्यातही एक मेख आहे. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी ऊन तापते, आणि अशी उबदार दुपार रात्रीच्या थंडीचा परिणाम काही अंशी पुसून टाकते. रात्री जमा आणि दुपारी खर्च, असा हा चालू खात्याचा व्यवहार आहे.

थंडी अपुरी पडली तर झाड मरत नाही. ते गोंधळते. काही कळ्या फेब्रुवारीत उमलतात, काही एप्रिलमध्ये, काही झोपलेल्याच राहतात. पाने फक्त फांदीच्या टोकाला येतात आणि मधली फांदी उघडी राहते. फळाच्या बियांतून हौसेने वाढवलेली आपल्याकडील अनेक झाडे वर्षानुवर्षे नुसती पालेदार का राहतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

हरिमन शर्मा यांचे झाड

मग मैदानी प्रदेशात सफरचंद येते तरी कसे? याचे उत्तर कमी थंडी मागणाऱ्या जातींत आहे. इस्रायलमध्ये निर्माण झालेली ‘अ‍ॅना’ आणि बहामा बेटांवर सापडलेली ‘डॉर्सेट गोल्डन’ या त्यांपैकी जुन्या जाती. अ‍ॅनाची गरज साधारण दोनशे ते तीनशे तासांची आहे. भारतात ज्या जातीने लोकांचे लक्ष वेधले ती ‘एचआरएमएन-९९’, आणि तिची कथा व्यापारी कुटुंबांनाही उद्बोधक वाटावी अशी आहे.

हिमाचल प्रदेशाच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांच्या परसात टाकून दिलेल्या बियांतून १९९९ च्या सुमारास सफरचंदाचे एक रोप उगवले. तो भाग कमी उंचीचा आणि उष्ण, सफरचंदाच्या परंपरागत पट्ट्याबाहेरचा. त्यांनी ते रोप उपटले नाही. त्याला फळे आली तेव्हा त्याच्या काड्या घेऊन त्यांनी कलमे बांधली आणि हळूहळू त्याची बाग उभी केली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने या जातीची देशातील निरनिराळ्या राज्यांत लागवड करवून चाचणी घेतली. शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे, १९१६ साली, त्याच हिमाचलातील कोटगडला सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी डिलिशस जातीची कलमे आणून लावली आणि त्या पहाडाचे अर्थकारण पालटले. स्टोक्स यांनी उत्तम वाण दुरून आणले. शर्मा यांनी दारात उगवलेले ओळखले.

माझ्या पुतण्याचा प्रस्ताव याच जातीवर आधारलेला होता, आणि त्याचा एक मुद्दा बिनतोड होता. मैदानी भागातील हे झाड फेब्रुवारीत फुलते आणि फळ जूनच्या सुमारास तयार होते. हिमाचल-काश्मीरचा मुख्य माल त्यानंतर येतो. म्हणजे बाजारात शीतगृहातील किंवा परदेशी सफरचंदच असते अशा वेळी ताजे फळ हाती येते. मालाला केव्हा भाव असतो हे ओळखणे आपल्या रक्तातच आहे. माझी शंका भावाविषयी नव्हती, माल येईल का याविषयी होती.

माझ्या अंगणातील पाच कलमे

पाचपैकी चार एचआरएमएन आणि एक अ‍ॅना अशी मी मागणी नोंदवली होती. रोपे आली तेव्हा पावतीशी ताडून पाहण्याऐवजी मी घाईने लावून टाकली. कागद तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने रोपे मात्र तपासली नाहीत! दुसऱ्या वर्षी लक्षात आले की दोन रोपांना कलमाचा सांधाच नव्हता. ती नुसती बियांची रोपे होती. रोपवाटिकेचा दूरध्वनी तोपर्यंत बंद झालेला होता. दोन रोपांत माझे थोडक्यात निभावले, परंतु नऊशेत असेच प्रमाण निघाले असते तर काय झाले असते, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसरे झाड माझ्याच चुकीने गेले. आमच्या अंगणात काळी चिकण माती आहे. त्यात मी दोन फुटांचा खड्डा घेतला आणि शेणखत घालून कलम लावले. पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर झाली. सफरचंदाच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच खपत नाही. सप्टेंबरमध्ये बुंधा कुजला. आपल्या गावच्या जमिनीने बागकाम करणाऱ्याची परीक्षा घ्यावी, हे काही नवीन नाही. १९४२ नंतर भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनीही तेथे फुलझाडांचे वाफे केले होते, आणि तेथील जमीन दगडगोटे व जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेली असल्याचे लिहून ठेवले आहे. उरलेल्या दोन कलमांभोवती मी माती आणि मुरूम यांचा दीड फूट उंच ओटा करून घेतला. चुनखडीमुळे पाने पिवळी पडत, ती शेणखत आणि पाचटाचे आच्छादन यांनी बरीच सुधारली.

पण खरा प्रश्न थंडीचा होता, आणि त्याचे उत्तर मला आपल्या डाळिंबवाल्यांकडेच मिळाले. मृग, हस्त आणि आंबे बहार हे शब्द आपल्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहेत. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी देऊन एकदम फुलवायचे, ही ती विद्या. इंडोनेशियात पूर्व जावा बेटावरील बाटू या गावी नेमके हेच करतात. तेथे विषुववृत्ताजवळच्या हवेत सफरचंदाची पाने आपोआप गळत नाहीत, म्हणून तोडणीनंतर मजूर हाताने पाने काढतात, आणि झाड गाढ निद्रेत जाण्यापूर्वीच पुन्हा फुलते. अशा रीतीने ते वर्षातून दोन पिके घेतात. मीही नोव्हेंबरअखेर पाणी तोडले, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सौभाग्यवतींच्या मदतीने एकेक पान हाताने खुडले, हलकी छाटणी केली आणि जानेवारीच्या उत्तरार्धात पाणी सुरू केले. यासाठी बाजारात रसायनेही मिळतात, परंतु ती विषारी असतात आणि घराच्या अंगणात त्यांना स्थान नसावे.

१४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहिले फूल उमलले. बाहेरून गुलाबी आणि आतून पांढरे. त्या वर्षी चारच फळे धरली आणि चारही गळाली. २०२३ साली दोन झाडांवर मिळून चौदा फळे उतरली. २०२४ साली एकतीस. एकतिसातील नऊ फळांना उन्हाचे डाग होते. चव आंबटगोड, रंग लालसर पिवळा, गर थोडा मऊ. काश्मिरी सफरचंदासारखे ते महिनोन् महिने टिकत नाही. घरच्या माणसांनी आनंदाने खावे असे ते फळ आहे, परंतु पेटीत भरून चारशे मैल पाठवण्याइतके ते कणखर नाही.

औषध फवारण्यास घरातून सक्त मनाई होती. किडीचा जीव घेऊन फळ खायचे असेल तर बाजारातूनच आणा, असा आदेश होता. म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधली. वरच्या फांदीवरची फळे मुद्दाम उघडी ठेवली. ती पोपटांची आणि बुलबुलांची. त्यांनी आपल्या वाट्यापेक्षा थोडे अधिक नेले, पण तक्रार करण्याजोगे नाही.

बदाम, अक्रोड आणि पिस्ते

आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्यांवर सुकामेवा विकला जातो, म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो : ‘‘बदामाचे झाड घरी येईल का?’’ झाड येईल. बदाम येतील असे मी म्हणणार नाही. माझ्या नातवाने मामरा बदाम ओल्या फडक्यात गुंडाळून दीड महिना फ्रीजमध्ये ठेवला आणि तो खरोखर रुजला. आज ते झाड साडेपाच फूट उंच आहे. एकही फूल आलेले नाही. बदामाची थंडीची गरज सफरचंदापेक्षा कमी असली तरी बहुतेक जातींना फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे झाड आणि मधमाश्या लागतात. जगातील सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो, आणि तेथे फुलोऱ्याच्या काळात देशभरातून ट्रक भरभरून मधमाश्यांच्या पेट्या आणाव्या लागतात.

अक्रोडाला थंडी अधिक लागते, आणि बियांपासून केलेले झाड फळावर येण्यास दहा वर्षेही लागू शकतात. पिस्त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, शिवाय हिवाळा लांब आणि उन्हाळा कोरडा हवा. काजू थंडीचा नव्हेच. तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला आणि कोकणात रमला. आपल्या अंगणात सहज येतो तो देशी बदाम, ज्याच्या पसरट छायेत आपण लहानपणी खेळलो. त्याचा गर लहान असला तरी खाण्याजोगा असतो. अंजीर आपल्या हवेत उत्तम येते, परंतु पंच उदुंबर फळांत त्याची गणना होत असल्याने आपल्या अनेक घरांत ते वर्ज्य आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार केला नाही.

टोरोंटोजवळचे अंगण

माझी कन्या कॅनडात टोरोंटोजवळ राहते. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे तीन महिने होतो. तिच्या परसात सफरचंदाची दोन ठेंगणी झाडे आहेत, त्यांपैकी एक मॅकिंटॉश. ही जात मूळची त्याच ओंटारियो प्रांतातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन मॅकिंटॉश या शेतकऱ्याला जंगल साफ करताना तिची रोपे सापडली. त्यानेही ती उपटली नाहीत. मला बिलासपूरची आठवण झाली.

तेथे थंडीची ददात नाही. पारा उणे वीसपर्यंत उतरतो आणि झाडाच्या खात्यात हजार तासांहून अधिक जमा होते. तेथील माळ्याची चिंता निराळी. झाड जागे झाल्यावर, मे महिन्यात, एखाद्या रात्री पुन्हा दहिवर गोठले तर सारा मोहोर करपतो. म्हणून लवकर फुलणारी जर्दाळू तेथे बेभरवशाची, आणि उशिरा फुलणारे सफरचंद भरवशाचे. बर्फाच्या दिवसांत ससे खोडाची साल कुरतडतात, त्यासाठी बुंध्याभोवती जाळी लावतात. शेजाऱ्यांकडे काळ्या अक्रोडाचे मोठे झाड आहे. त्याच्या मुळांतून असे द्रव्य पाझरते की जवळ टोमॅटो आणि सफरचंद तग धरत नाहीत. अक्रोड पिकले की निम्मे खारी नेतात. हेझलनटची झुडपे मात्र तेथे सुखाने वाढतात, दोन निरनिराळ्या जातींची जोडी लावली म्हणजे झाले.

एका संध्याकाळी कन्या म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही तिकडे थंडी कुठून आणावी म्हणून झुरता आणि मी इकडे ती कधी संपेल म्हणून.’’ मग तिने सहज विचारले, ‘‘दादाशी बोललात का?’’ दादा म्हणजे माझा पुतण्या. मी विषय बदलला. पण त्या रात्री विचार केला. मी त्याला धोका दाखवला होता, तो खरा होता. परंतु नुकतेच वडील गेलेल्या मुलाला मी एखाद्या अनोळखी कर्जदारासारखे वागवले होते. चौदा महिन्यांनी बोलणे सुरू झाले तेही वहिनींच्या मध्यस्थीने, आणि कामापुरतेच.

घरी लावायचे असल्यास

ज्यांना हौस आहे त्यांनी दोन झाडे जरूर लावावीत. कलमे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, पाने नसलेल्या अवस्थेत लावावीत. कलमाचा सांधा डोळ्यांनी पाहावा आणि तो जमिनीच्या वर राहील असे पाहावे. काळ्या जमिनीत खड्डा न करता उंच ओटा करावा. एचआरएमएन स्वपरागी असल्याचे सांगतात, तरी जवळ दुसऱ्या जातीचे झाड असणे चांगले; अ‍ॅनाला तर डॉर्सेट गोल्डनची सोबत हवीच. पहिली दोन वर्षे आलेली फुले खुडून टाकावीत, म्हणजे झाडाचा सांगाडा तयार होतो. उन्हाळ्यात खोडाला चुना लावावा आणि बुंध्याशी पाचट पसरावे. ठिबकने थोडे थोडे पाणी द्यावे.

आणि ज्यांना निश्चित फळ हवे, त्यांनी दूर जाऊ नये. सरदार पेरू, मोसंबी, सीताफळ, चिकू यांना आपली हवा मानवते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला, आरक्ता आणि भगवा ही डाळिंबे आपल्याच मातीत सिद्ध केली आहेत. सफरचंद हा हौसेचा खर्च आहे. त्याला गुंतवणुकीच्या सदरात टाकू नये.

शेवटचा ताळेबंद

कॅनडाहून परतल्यावर मी न कळवता राहात्याला गेलो. पुतण्या दुकानात नव्हता, शेतावर होता. बांधाच्या कडेने सफरचंदाची झाडे उभी होती. मोजली, चाळीस भरली. त्याने कर्ज काढले नव्हते. तीन एकरांत पेरू लावला होता आणि २०२१ च्या जानेवारीत स्वतःच्या पैशांनी ही चाळीस कलमे बांधावर आणून लावली होती. मला सांगितले नव्हते, कारण मी हसेन असे त्याला वाटले होते.

मी त्याला म्हणालो, ‘‘त्या दिवशी माझे म्हणणे बरोबर होते, पण बोलण्याची रीत चुकली.’’ तो काही बोलला नाही. खिशातून वही काढून त्याने माझ्या हाती दिली. तीत प्रत्येक झाडाची नोंद होती : कधी फुलले, किती फळे धरली, किती गळाली. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने समाधानाने सही करावी अशी ती वही होती. २०२४ च्या मार्चमध्ये गारपिटीने अर्धा मोहोर झोडपला, तरी त्या जूनमध्ये उरलेली फळे शेताच्या फाटकावरच विकली गेली. भाव चांगला मिळाला. त्यातून कलमांचा आणि मजुरीचा खर्च निघाला, वर थोडे उरले. घर गहाण टाकण्याजोगे ते उत्पन्न नव्हते, आणि मी समजत होतो तितके ते नगण्यही नव्हते. आम्ही दोघेही थोडेथोडे चुकलो होतो.

गेल्या डिसेंबरात वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची चार वर्षांची मुलगी पानगळीसाठी आमच्याकडे आली होती. दोन झाडांची पाने खुडायला इतकी माणसे लागत नाहीत. पण सकाळी सुरू केलेले काम दुपारपर्यंत चालले, मग सगळे एकत्र जेवायला बसलो. या वेळी तो चहा घेऊन निघाला.